वॉर्डात रुजू होताना: नव्या डॉक्टरांसाठी व्यावसायिक वर्तन आणि अखंड शिक्षण

पुण्यातील वैद्यकीय महाविद्यालयांतून एम.बी.बी.एस.ची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन इंटर्नशिप सुरू करणाऱ्या आणि ज्युनिअर रेसिडेंट (कनिष्ठ निवासी डॉक्टर) म्हणून नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. तुमची नेमणूक ससूनमध्ये असो, कमला नेहरू रुग्णालयात असो, पिंपरीच्या वायसीएम (यशवंतराव चव्हाण स्मृती) रुग्णालयात असो किंवा नऱ्ह्याच्या काशीबाई नवले रुग्णालयात असो, पहिल्या काही महिन्यांत पडणारे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात.

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत: रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर, आरोग्यसेवकांच्या चमूचा सदस्य आणि नेता, संवाद साधणारा, आयुष्यभर शिकणारा आणि व्यावसायिक निष्ठा पाळणारा. यांतील शेवटच्या दोन भूमिकांवर व्याख्याने होतात, लॉगबुकात (केलेल्या कामाच्या नोंदवहीत) त्यांच्या नोंदी होतात आणि पुढे त्या बाजूला पडतात. माझ्या मते या दोन भूमिका मुळात एकाच सवयीतून येतात. आपल्याला काय येत नाही हे वेळेवर ओळखणे, ते लपवून न ठेवणे आणि लगेच ते शिकून घेणे, ही ती सवय आहे. याला अभ्यासाचा आधारही आहे. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वैद्यकीय मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केलेल्या २३५ डॉक्टरांची विद्यार्थिदशेतील कागदपत्रे त्याच तीन महाविद्यालयांतील इतर पदवीधरांच्या कागदपत्रांशी ताडून पाहिली गेली. पुढील कारवाईशी सर्वांत घट्ट संबंध विद्यार्थिदशेतील बेजबाबदार वागण्याचा आणि स्वतःत सुधारणा करण्याच्या कमी क्षमतेचा दिसला. कमी गुणांचाही संबंध आढळला, पण तो त्यामानाने क्षीण होता. म्हणून या मार्गदर्शनात वर्तन आणि शिक्षण यांचे दोन वेगळे भाग केलेले नाहीत.

रुजू होण्यापूर्वी

इंटर्नशिपसाठी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी आवश्यक असते. या नोंदणीमुळे मान्यताप्राप्त रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करता येते, स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. त्यामुळे ओळखीच्या खासगी रुग्णालयाने रात्रीच्या आर.एम.ओ. (निवासी वैद्यकीय अधिकारी) ड्युटीबद्दल विचारले, तर नम्रपणे नकार द्यावा. तसेच इंटर्नने स्वतःच्या सहीने वैद्यकीय दाखला, मृत्यूचा दाखला किंवा न्यायवैद्यक (पोलीस किंवा न्यायालयाच्या कामाचा) कागद द्यायचा नसतो. शेजारचे काका कार्यालयात देण्यासाठी आजारपणाचा दाखला मागतात, तेव्हा नाही म्हणणे अवघड जाते हे खरे. परंतु एकदा नाही म्हटले की पुढे कोणी विचारत नाही.

डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे नियम रुजू होण्यापूर्वी एकदा मुळातून वाचावेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम प्रसिद्ध केले होते, परंतु त्याच महिन्यात त्यांना स्थगिती देण्यात आली आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. एका संध्याकाळी वाचून होतील एवढेच ते आहेत, तरीही फार थोडे डॉक्टर ते वाचतात.

पहिला आठवडा: माणसांशी ओळख

कोणत्याही युनिटमध्ये गेल्यावर सर्वप्रथम वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांना भेटावे, आपले नाव सांगावे आणि क्रॅश कार्ट (तातडीची औषधे आणि साधने ठेवलेली गाडी), ऑक्सिजनचे सिलिंडर, रक्तपेढीचे फॉर्म, न्यायवैद्यक प्रकरणांचे रजिस्टर कोठे आहे ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे. रात्री तीन वाजता रुग्णाचा श्वास मंदावतो तेव्हा या वस्तू शोधण्यासाठी वेळ नसतो. वॉर्डातील मामा आणि मावशी वर्षानुवर्षे तेथेच काम करीत असतात. कोणता रुग्ण रात्रभर झोपला नाही, कोणाचे नातेवाईक दोन दिवसांत फिरकले नाहीत, कोणाचे जेवण तसेच पडून आहे, हे त्यांना तुमच्या आधी कळते. त्यांना नावाने आणि आदराने हाक मारणे हा शिष्टाचाराचा भाग आहेच. शिवाय उपचारासाठी लागणारी कितीतरी माहिती त्यांच्याकडूनच मिळते.

रुग्णाशी बोलताना वय, कपडे किंवा गाव पाहून 'तू' म्हणण्याची पद्धत अनेक वॉर्डांत रुळलेली आहे. ती उचलू नये. वेल्ह्याहून आलेल्या मजूर बाईंना 'ताई, तुम्हाला कधीपासून दुखतंय?' असे विचारायला जेवढा वेळ लागतो तेवढाच 'ए बाई, काय होतंय?' म्हणायला लागतो. पहिल्या प्रश्नाला मिळणारे उत्तर मात्र अधिक पूर्ण असते, कारण घाबरलेला माणूस विचारलेल्यापुरतेच सांगतो. तपासण्यापूर्वी स्वतःचे नाव आणि आपण इंटर्न आहोत की रेसिडेंट हे सांगावे, पडदा ओढून घ्यावा, आणि स्त्री रुग्णाची तपासणी करताना पुरुष डॉक्टरने सिस्टरांना सोबत घ्यावे.

माहिती विचारण्याचे एक व्यावहारिक पथ्य येथेच सांगतो. 'काही गोळ्या चालू आहेत का?' या प्रश्नाला इन्सुलिन घेणारा रुग्ण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, कारण तो गोळी घेत नाही. इन्हेलर वापरणाऱ्यांचे, नाक्यावरच्या वैद्यांकडून पुड्या आणणाऱ्यांचे आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर औषध घेणाऱ्यांचेही असेच होते. म्हणून गोळ्या, इंजेक्शन, ओढायचा पंप, काढे आणि पुड्या यांविषयी वेगवेगळे विचारावे, आणि जमल्यास घरातील सर्व औषधांची पिशवी नातेवाइकांना घेऊन यायला सांगावी.

केस पेपर

नव्या डॉक्टरचे व्यावसायिक वर्तन पाहायचे असेल तर त्याचा केस पेपर पाहावा, असे मला वाटते. प्रत्येक नोंदीवर तारीख, चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ, स्पष्ट नाव आणि सही असावी. रुग्णाला प्रत्यक्ष पाहिले असेल तरच नोंद करावी. सकाळच्या राऊंडपूर्वी दहा रुग्णांच्या कागदांवर एकाच वेळी सारखीच नाडी आणि सारखाच रक्तदाब लिहून ठेवण्याची सवय ही केवळ हलगर्जी नसून ती खोटी नोंद आहे, आणि त्या आकड्यांवर विसंबून पुढचा डॉक्टर औषध ठरवतो. लिहिताना चूक झाली तर तिच्यावर एकच सरळ रेघ मारून बाजूला सही करावी. खाडाखोड करू नये, पांढरा रंग लावू नये, आणि काही सुचले म्हणून मागच्या तारखेत भर घालू नये. उशिरा आठवलेली गोष्ट आजच्या तारखेने आणि वेळेने, 'उशिरा केलेली नोंद' असे म्हणून लिहावी.

औषध लिहिताना त्याचे जेनेरिक (कंपनीने दिलेले नव्हे, मूळ औषधाचे) नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहावे, असे २००२ च्या नियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती करून सांगितले आहे. इन्सुलिनच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, कारण इंग्रजी 'यू' हे अक्षर घाईच्या हस्ताक्षरात शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिट आणि मिलिलिटरला १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांच्या कुप्या मिळतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. कुपी एक आणि सिरिंज दुसरी अशी गाठ पडली तर मात्रा अडीच पटीने वाढते किंवा कमी होते. घरी जाणाऱ्या प्रत्येक मधुमेही रुग्णाला त्याची कुपी आणि त्याची सिरिंज हातात घेऊन दाखवायला सांगावे. दशांश चिन्हानंतर अनावश्यक शून्य लिहू नये, आणि एकापेक्षा कमी मात्रा असेल तर आधी शून्य लिहावे, म्हणजे ०.५ लिहावे, नुसते .५ लिहू नये.

दाखल रुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवण्याची आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत देण्याची जबाबदारी नियमांनी डॉक्टरांवर टाकली आहे. नातेवाईक कागद मागू लागले की वॉर्डात कुजबुज सुरू होते, जणू त्यांनी तक्रारच केली आहे. तो त्यांचा हक्क आहे. विहित पद्धतीने अर्ज कोठे करायचा, हे त्यांना नीट समजावून सांगावे.

ड्युटी सोपवताना

रात्रीची ड्युटी संपते तेव्हा डोळे जड झालेले असतात आणि समोरचा मित्र नुकताच चहा घेऊन आलेला असतो. 'सगळे स्टेबल आहेत, अकरा नंबरकडे बघ जरा' एवढे सांगून निघून जाण्याचा मोह या वेळी होतो. अकरा नंबरकडे काय बघायचे, हे समोरच्याला कळलेले नसते.

उत्तर अमेरिकेतील नऊ रुग्णालयांत रेसिडेंट डॉक्टरांना ड्युटी सोपवण्याची ठरावीक पद्धत शिकवल्यानंतर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या दुर्घटना ३० टक्क्यांनी कमी झाल्या, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ती पद्धत अवघड नाही. प्रत्येक रुग्णाबाबत आधी तो किती गंभीर आहे ते सांगायचे. मग थोडक्यात आजार आणि आतापर्यंतचे उपचार. मग कोणते काम बाकी आहे आणि ते किती वाजेपर्यंत व्हायला हवे. मग रात्रीतून काय बिघडू शकते आणि बिघडल्यास काय करायचे. आणि शेवटी समोरच्याने आपल्याला काय समजले ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे. उदाहरणार्थ: 'अकरा नंबरचे काका गंभीर आहेत. सिरॉसिस आहे, काल रक्ताची उलटी झाली, सायंकाळी एंडोस्कोपीत बँडिंग केलंय. सहा वाजता हिमोग्लोबिन पाठवलंय, त्याचा रिपोर्ट आठपर्यंत आणायचाय. पुन्हा उलटी झाली किंवा नाडी १२० च्या वर गेली, तर लगेच रजिस्ट्रारांना फोन कर, रक्ताच्या दोन पिशव्या राखून ठेवल्या आहेत.' एवढे सांगायला एक मिनिटही लागत नाही. या पाचही टप्प्यांपैकी शेवटचा टप्पा आपल्याकडे नेहमी गाळला जातो, कारण मित्राला 'तुला काय समजलं ते सांग' असे म्हणणे उद्धटपणाचे वाटते. पहिल्या दिवशीच दोघांनी तशी पद्धत ठरवून घेतली, तर तसे वाटत नाही.

हे सोपवणे शक्यतो रुग्णाच्या पलंगाशेजारी आणि हळू आवाजात व्हावे. सलाइन संपत आल्याचे किंवा कॅथेटरची पिशवी रिकामीच असल्याचे कागदावरून कळत नाही.

संमती आणि गोपनीयता

संमतीपत्रावर सही घेऊन येण्याचे काम बहुधा सर्वांत नव्या डॉक्टरवर येते. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये स्पष्ट केले आहे की, रुग्णाला शस्त्रक्रियेचे स्वरूप, उद्देश, फायदे, महत्त्वाचे धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम समजतील एवढी माहिती द्यायला हवी, आणि निदानासाठी दिलेली संमती ही उपचाराच्या शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही. त्या प्रकरणात दुर्बिणीने तपासण्यासाठी भूल दिलेल्या महिलेचे गर्भाशय काढले गेले होते. संमती तिच्या आईकडून घेण्यात आली होती, आणि ती न्यायालयाने ग्राह्य मानली नाही, कारण रुग्ण सज्ञान होती आणि शुद्धीवर येईपर्यंत थांबता येण्यासारखे होते. तुम्हाला स्वतःला शस्त्रक्रियेची माहिती नसेल तर सही घ्यायला जाऊ नये. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना बोलवावे. आपल्याकडे सही नवऱ्याची किंवा मोठ्या मुलाची घेण्याची प्रथा खोलवर रुजलेली आहे. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची स्वतःची सही आधी हवी. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरेशी आहे, पतीची लागत नाही. स्त्रीरोग विभागात गेल्यावर याबद्दल चुकीचे सांगितले गेलेले तुमच्या कानांवर येईल, तेव्हा हे लक्षात असू द्या.

अपघाताचा किंवा मारहाणीचा रुग्ण आला तर पोलिसांची वाट पाहत उपचार थांबवू नयेत, हे परमानंद कटारा खटल्याच्या १९८९ च्या निकालापासून निर्विवाद आहे. अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अशा वेळी गोपनीयतेचे कारण पुढे करता येत नाही. वरिष्ठांना तत्काळ सांगावे आणि सांगितल्याची वेळ लिहून ठेवावी.

इतर सर्व वेळी गोपनीयता पाळायची असते, आणि आज ती सर्वाधिक मोडते ती मोबाइलवर. एक्स-रेचा फोटो रजिस्ट्रारांना (युनिटमधील वरिष्ठ निवासी डॉक्टरांना) पाठवणे अनेकदा रुग्णाच्या हिताचे असते. पण त्यावरचे नाव आणि नोंदणी क्रमांक कापून, फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच तो पाठवावा आणि काम झाल्यावर काढून टाकावा. बॅचच्या ग्रुपवर 'इंटरेस्टिंग केस' म्हणून चेहऱ्यासह छायाचित्र टाकणे नियमांना धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. लिफ्टमध्ये आणि कॅन्टीनमध्ये रुग्णाबद्दल बोलू नये, कारण त्याच लिफ्टमध्ये त्याचा भाऊ उभा असू शकतो.

'मला माहीत नाही' असे कसे म्हणावे

राऊंडवर सरांनी पोटॅशियम विचारले आणि आपण रिपोर्ट पाहिलेला नसला, की जिभेवर '४.२' असा निरोगी माणसात असणारा आकडा येतो. तो आकडा बरोबर निघण्याचीच शक्यता जास्त असते, आणि धोका नेमका तेथेच आहे. कारण खोटे खपते आणि पुढच्या वेळी अधिक सहज बोलले जाते. 'रिपोर्ट पाहिला नाही सर, आत्ता पाहून सांगतो' हे वाक्य पहिल्या दिवसापासून तोंडात बसवावे. त्यावर बोलणी खावी लागतील. काही युनिटमध्ये ती सर्वांसमोर आणि अपमानास्पद शब्दांत खावी लागतात, आणि शिकवण्याच्या नावाखाली चालणारा हा प्रकार मला मुळीच मान्य नाही. तरीही बोलणी खाऊन खरे सांगणे रुग्णाच्या दृष्टीने सुरक्षित असते.

प्रक्रियेबाबतही हेच आहे. लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातील पाणी सुईने काढणे) किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणे) यापूर्वी केली नसेल, तर 'पाहिली आहे, केलेली नाही; तुम्ही शेजारी उभे राहिलात तर करतो' असे स्पष्ट सांगावे. दोनदा प्रयत्न करून शीर सापडली नाही, तर तिसऱ्यांदा सुई टोचण्यापूर्वी दुसऱ्याला बोलवावे. रात्री वरिष्ठांना उठवावे की नाही, हा प्रश्न मनात आला, तर त्याचे उत्तर 'उठवावे' असेच असते. फोन करण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात: रुग्ण कोण, आत्ता काय बिघडले, तुमच्या मते काय असावे, आणि तुम्हाला त्यांच्याकडून काय हवे आहे. नीट मांडलेल्या फोनवर सहसा कोणी चिडत नाही.

चूक झाली, तर क्रम असा ठेवावा: आधी रुग्ण सांभाळावा, मग लगेच वरिष्ठांना सांगावे, मग घडले तसे केस पेपरमध्ये लिहावे, आणि रुग्णाशी काय बोलायचे ते वरिष्ठांबरोबर ठरवून त्यांच्या उपस्थितीत सांगावे. औषधामुळे अनपेक्षित त्रास झाल्याची शंका असेल तर औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळवावे. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या औषधशास्त्र विभागात त्याचे केंद्र असते, आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांकही आहे. त्रास त्याच औषधाने झाला हे सिद्ध करण्याची आवश्यकता नसते, शंका पुरेशी असते.

रोजचे शिकणे

अनुभवाने डॉक्टर आपोआप चांगला होत जातो, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. डॉक्टरांचा अनुभव आणि उपचारांचा दर्जा यांवरील ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक अभ्यासांत सेवेची वर्षे वाढली तशी तपासलेल्या सर्व निकषांवर कामगिरी घसरलेली दिसली. याचे एक कारण सरळ आहे. शिकलेले ज्ञान जुने होते आणि ते जुने झाल्याचे आतून जाणवत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडू नयेत म्हणून एकेकाळी फ्लेकेनाइडसारखी औषधे विश्वासाने दिली जात. ठोके खरोखर सुधारत आणि कागदावर ते दिसतही असे. १९८९ मध्ये मोठ्या चाचणीत असे आढळले की ही औषधे घेणारे रुग्ण अधिक संख्येने दगावत होते. ती लिहून देणारे डॉक्टर हुशार आणि कष्टाळूच होते.

आणि पुण्यात काम करणाऱ्या डॉक्टरला तर हे वेगळे सांगण्याची आवश्यकता पडू नये. स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये येथेच झाला. राज्यातील पहिले कोविड रुग्ण मार्च २०२० मध्ये येथेच सापडले. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसरला राज्यातील पहिला झिका रुग्ण आढळला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचा (नसांना इजा होऊन हातपाय आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकणाऱ्या आजाराचा) उद्रेक झाला. पुस्तकात एका परिच्छेदापुरता वाचलेला आजार एका आठवड्यात अतिदक्षता विभाग भरून टाकतो, तेव्हा प्लाझ्माफेरेसिस (रक्तातील द्रव बदलणे) कधी आणि इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचे इंजेक्शन) कधी, श्वासाची ताकद किती तासांनी मोजायची, हे रात्रीतून वाचून सकाळी अमलात आणावे लागते. ज्यांना रोज थोडे वाचण्याची सवय होती त्यांना ते कमी जड गेले असणार.

यासाठी पद्धत साधी ठेवावी. खिशात छोटी वही ठेवावी आणि दिवसभरात आपल्याच रुग्णाबद्दल पडलेला एक प्रश्न तिच्यात लिहावा. प्रश्न नेमका हवा. 'न्यूमोनियाचे उपचार' हा प्रश्न नव्हे. 'मूत्रपिंडाचे कार्य निम्मे असलेल्या या आजींना या प्रतिजैविकाची मात्रा किती?' हा प्रश्न झाला. रात्री त्याचे उत्तर शोधावे आणि सकाळी राऊंडवर किंवा निदान सहकाऱ्याला सांगावे. शोधताना आधी राष्ट्रीय कार्यक्रमांची आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वे, मग प्रमाण पाठ्यपुस्तक, मग पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीतील आढावा लेख असा क्रम ठेवला तर वेळ वाचतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दिलेली औषधाची मात्रा मूळ स्रोतात पाहिल्याशिवाय वापरू नये. सरकारी महाविद्यालयांसाठी जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. ती आपल्या महाविद्यालयात कशी वापरायची ते ग्रंथपालांना विचारावे. ग्रंथपालांकडे प्रश्न घेऊन जाणारे विद्यार्थी मोजकेच असतात, आणि ग्रंथपाल फार मनापासून मदत करतात.

दुसरी सवय पाठपुराव्याची. तुम्ही दाखल केलेल्या, पुढे दुसऱ्या युनिटकडे गेलेल्या किंवा घरी सोडलेल्या रुग्णाचे अंतिम निदान काय झाले, बायोप्सीत काय निघाले, हे आठवड्यातून एकदा शोधून काढावे आणि आपण पहिल्या दिवशी काय लिहिले होते त्याच्याशी ताडून पाहावे. स्वतःच्या अंदाजाची एवढी चोख परीक्षा दुसरी कोणतीही नाही. वरिष्ठांकडे अभिप्राय मागतानाही 'कसं झालं सर?' असे विचारू नये, त्याला 'ठीक' एवढेच उत्तर मिळते. 'त्या कुटुंबाला निदान सांगताना मी कोठे घाई केली?' असे विचारावे.

हे सर्व मोठ्या महाविद्यालयातच जमते असे नाही. महाडमध्ये राहून विंचूदंशावर काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातील कितीतरी जीव वाचवणारा उपचार उभा राहिला. त्यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. आपला उपचार सर्वत्र मान्य झाल्यानंतरही, त्यात प्रतिविष जोडले तर रुग्ण अधिक लवकर बरे होतात का, याची चाचणी त्यांनी स्वतः घेतली आणि ते लवकर बरे होतात असा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केला.

लॉगबुक आणि नीट-पीजी

इंटर्नशिपच्या वर्षावर नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे सावट असते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पोस्टिंगवर सही करून अभ्यासिकेत जाऊन बसणे, मित्राकडून हजेरी लावून घेणे, न केलेल्या प्रसूती लॉगबुकात भरणे, हे सर्व 'सगळेच करतात' या नावाखाली चालते. त्याचे परिणाम तीन ठिकाणी होतात. तुमच्या जागी हजर असलेला सहकारी दुप्पट काम करतो. लॉगबुकावर विश्वास ठेवून पुढे कोणीतरी तुम्हाला एकट्याने प्रसूती हाताळायला सांगतो. आणि खोटी सही करायला हात सरावतो. याला पर्याय म्हणून युनिटमधील इंटर्ननी एकत्र बसून, वरिष्ठांना सांगून, उघडपणे पाळ्या लावाव्यात. काम पूर्ण झाल्यावर वाचायला जाण्यास बहुतेक वरिष्ठ हरकत घेत नाहीत. वॉर्डात पाहिलेल्या रुग्णांवरचे प्रश्न त्याच रात्री सोडवले, तर दोन्ही कामे एकत्र होतात.

औषध कंपन्या आणि कट

२००२ च्या नियमांतील २००९ च्या दुरुस्तीनुसार डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, निवास किंवा रोख रक्कम घेता येत नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल प्रयोगशाळेकडून किंवा अन्य डॉक्टरकडून मिळणारा कट २००२ च्या मूळ नियमांतच निषिद्ध आहे. सुरुवात पेनापासून आणि जेवणापासून होते. पहिलेच पाकीट परत करणे सर्वांत सोपे असते.

स्वतःची प्रकृती

छत्तीस तास जागे राहिलेल्या डॉक्टरने औषधाची मात्रा दुसऱ्याकडून तपासून घ्यावी आणि दुचाकी चालवत घरी जाऊ नये. सुई टोचल्यास जागा साबण-पाण्याने धुवून, लाज न बाळगता लगेच कॅज्युअल्टीत जावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू व्हावे लागते. झोप उडाली, रुग्णांबद्दल चीड येऊ लागली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मित्राला सांगावे आणि मानसोपचार विभागात जावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. सहकाऱ्यात अशी लक्षणे दिसली, तर त्याच्या सोबत जावे.

कायम नोंदणीनंतर

इंटर्नशिप संपल्यावर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची कायम नोंदणी घ्यावी. तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी त्या काळात निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट गुण जमवावे लागतात. बहुतेक जण चार वर्षे विसरतात आणि पाचव्या वर्षी, विषय कोणताही असो, दिसेल त्या परिषदेला जाऊन बसतात. दर वर्षी सहा गुण ठरवून घ्यावेत, आणि तेही आपल्याला कमी येणाऱ्या विषयांत. टिळक रस्त्यावरील आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेच्या) सभागृहातील कार्यक्रम असोत किंवा आपल्या जुन्या विभागाच्या सभा, जेथे फसलेल्या उपचारांची मोकळी चर्चा होते अशा ठिकाणी जाणे अधिक फायद्याचे ठरते. प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये आणि त्यांच्या प्रती मोबाइलवर ठेवाव्यात. नोंदणी क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावावा आणि प्रत्येक चिठ्ठीवर छापावा, नावापुढे फक्त मान्यताप्राप्त पदव्याच लिहाव्यात, आणि पत्ता बदलल्यास परिषदेला कळवावे, म्हणजे नूतनीकरणाचे पत्र जुन्या वसतिगृहाच्या खोलीवर जाऊन पडणार नाही.